चार बोटे उंची

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. गादी म्हटल्यावर लगेच पाय पसरू नका, माझ्यावर झोपता येत नाही. मी हातभर लांब, हातभर रुंद आणि बरोबर चार बोटे उंच आहे. गाडी चालवणाऱ्याच्या सीटवर मला ठेवायचे आणि त्याने माझ्यावर बसायचे, एवढेच माझे काम. आता तुम्ही हसणार. खुशाल हसा. पण ज्या दिवशी भरल्या कोर्टात न्यायाधीश बाईंनी मला टेबलावर ठेवायला सांगितले, त्या दिवशी कोणीच हसले नव्हते. माझ्या कोपऱ्याला टाचलेली चिठ्ठी अजून आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'वस्तू क्रमांक चौदा'. तुमच्या घरातल्या एखाद्या तरी गादीला असा मान मिळाला आहे का, जरा विचारून बघा.

माझा जन्म एका दुपारी झाला, आणि तो गरजेतून झाला. माझे मालक ड्रायव्हर होते. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत. काका उंचीने कमी, म्हणजे चांगलेच कमी. आधी ते मालाचा ट्रक चालवत. ट्रकची सीट उंच असते, त्यामुळे त्यांचे कधी अडले नाही. पुढे पाठ दुखू लागली म्हणून त्यांनी ट्रक सोडला आणि एका मोठ्या बंगल्यावर नोकरी धरली. बंगल्यामागे दोन खोल्यांचे राहायचे घरही मिळाले. काका-काकू खूश झाले. पण पहिल्याच दिवशी काका घरी आले ते तोंड पाडून.

"दिसतच नाही गं," ते काकूंना म्हणाले.

"काय दिसत नाही?"

"गाडीचं नाक. पुढे भिंत आहे की माणूस आहे, काही कळत नाही."

ती गाडी होती बंगल्यातल्या आजोबांच्या काळातली. लांबलचक, काळी, चकचकीत. तिचे बॉनेट म्हणजे जेवायचे टेबलच. सीट पुढे-मागे सरके, पण वर-खाली होत नसे. घराण्याची शान म्हणून ती अजून रोज रस्त्यावर निघायची.

काकू पडदे शिवायच्या दुकानात कामाला होत्या. हातात कला आणि डोक्यात हिशेब, अशी बाई. त्यांनी काकांना स्टुलावर बसवले, त्यांच्यापुढे एक रुंद पाट आडवा धरला आणि स्वतः पाटाच्या पलीकडे जमिनीवर बसल्या. मग एक जुनी वही काकांच्या खाली सरकवली.

"आता?"

"तुझे केस दिसतात."

आणखी एक वही गेली. मग आणखी दोन.

"आता?"

"आता कपाळ. आता डोळे. थांब, थांब. आता तू सगळी दिसतेस."

"मग उतरा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी वह्यांच्या ढिगाला बोटे लावून पाहिली. ढीग बरोबर चार बोटे भरला. ही माझी उंची. ती बाजारात कोणी ठरवली नाही, नवऱ्याला बायको पूर्ण दिसेपर्यंत मोजून ठरली आहे. मला याचा अभिमान का वाटू नये?

पडद्याचे उरलेले जाड राखाडी कापड, तळाला काथ्या म्हणजे मी दबू नये, वर पिंजलेला कापूस म्हणजे मी टोचू नये, आणि नऊ ठिकाणी घट्ट टाके. तीन कोपरे झाले आणि चौथ्या कोपऱ्यावर राखाडी दोरा संपला. दुकान गाठायला वेळ नव्हता. काकूंनी हाताशी होता तो हिरवा दोरा ओवला आणि कोपरा पुरा केला. "कोण बघायला येतंय तिथे," असे त्या म्हणाल्या होत्या. पुढे कोण कोण बघायला आले, ते सांगतेच.

अकरा वर्षे मी काकांना उचलून धरले. त्या अकरा वर्षांत आमच्या गाडीला एक ओरखडा नाही. बंगल्याचे फाटक इतके अरुंद की दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरायची, पण काका त्यातून गाडी अशी काढत की बघणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, ती आमची जोडी. कीर्तीतला अर्धा वाटा मी माझा समजते. काका मनाने मोठे आहेत, ते नाही म्हणणार नाहीत.

एका गोष्टीत मात्र काका हळवे होते. उंचीवरून कोणी हिणवलेले त्यांना सोसत नसे. म्हणून ते मला कापडी पिशवीतून आणत, कोणी यायच्या आत सीटवर ठेवत आणि सगळे उतरून गेले की पुन्हा पिशवीत घालत. बंगल्याचे मालक, म्हणजे मोठे साहेब, नेहमी मागे बसत. त्यांना पुढच्या सीटच्या पाठीवरून काकांचे डोके दिसे, अगदी हवे तिथे. काका दार उघडायला खाली उतरत तेव्हा बुटके दिसत, पण दार उघडणाऱ्याकडे मोठी माणसे बघतात कुठे? त्यांचे डोळे फोनमध्ये. अशी अकरा वर्षे साहेबांनी मला एकदाही पाहिले नाही. मला तेव्हा याचा राग यायचा.

मला पाहणारे एकच माणूस होते, ते म्हणजे टपालवाली. रोज सकाळी दहाच्या सुमारास ती सायकलवरून टपाल घेऊन यायची. तिची घंटी दोनदा वाजायची, एकदा लांब आणि एकदा तोकडी. काकू मला आठवड्यातून एकदा मागच्या भिंतीवर उन्हात टाकत, तेव्हा टपालवाली सायकल थांबवून हाक मारायची, "काका, आज सिंहासन वाळत घातलंय वाटतं! राजे कुठे बसणार मग?"

"राजे आज पायीच," काका म्हणायचे.

"जपून ठेवा हं ते. माझी लेक तुमच्यासारखीच राहणार उंचीला. अकरा वर्षांची झाली, अजून कडी काढायला स्टूल लागतं तिला. आणि गाड्यांचं वेड केवढं! मोठी झाली की तिला द्या सिंहासन."

"दिलं म्हणून समज," काका म्हणायचे. मीही मनातल्या मनात हो म्हणायची.

मित्रांनो, आता ती सकाळ. शाळांना सुट्टी होती. साहेबांचा मुलगा सतरा वर्षांचा, ताडमाड उंच. त्याला सगळे छोटे साहेब म्हणत. त्याने खेळाचे सामान भरलेली भली मोठी बॅग खांद्यावर टाकली होती. तो काकांना म्हणाला, "चावी द्या. मैदानावर मीच नेतो."

काका म्हणाले, "छोटे साहेब, परवाना मिळाला की रोज न्या. मी सोडतो आज."

मोठे साहेब पायरीवर फोनवर बोलत होते. त्यांनी फोन जरासा बाजूला केला. "दे रे त्याला. गाडी घरची, रस्ताही घरासमोरचा. तू आम्हाला कायदा शिकवणार का?"

काकांनी चावी दिली. हे चुकलेच, असे काका आजही म्हणतात. मला पिशवीत घालायचेही त्या गडबडीत राहून गेले.

छोटे साहेब सीटवर बसले आणि त्यांचे डोके छताला आपटले. "हे काय बोचकं!" म्हणत त्यांनी मला ओढून काढले, डिकी उघडली, मला आत भिरकावले आणि वर ती जड बॅग टाकली. डिकी धाडकन लागली. अकरा वर्षे ज्या गाडीत मी सगळ्यांत पुढे होते, तिथे मी त्या दिवशी सगळ्यांत मागे होते.

फाटक संथपणे पार झाले. मग वेग वाढला. एक वळण गेले. दुसऱ्या वळणावर मला घंटी ऐकू आली. एकदा लांब. तोकडी घंटी वाजलीच नाही.

आधी पुढून एक आवाज आला, तो मी सांगणार नाही. मग गाडी गरकन फिरली आणि तिची मागची बाजू भिंतीवर आदळली. डिकीचा पत्रा चेपून आत आला, दार जागच्या जागी अडकले. गाडीचे दार उघडल्याचा आणि कोणीतरी धावत गेल्याचा आवाज आला. नंतर बेकरीवाला आपली गाडी घेऊन तिथे पोचला. "अहो ताई, ताई," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याने तिला उचलून आपल्या गाडीत घेतले आणि तो हॉस्पिटलकडे निघून गेला. त्यानंतर दहा मिनिटे तिथे बाहेरचे कोणी नव्हते. ज्यांनी यायचे ते त्या दहा मिनिटांत आले.

मोठे साहेब, बंगल्याचा मॅनेजर आणि काका. तिघे डिकीला टेकून बोलत होते. पत्र्याला कान नसतात, असे त्यांना वाटले असावे.

"काका, पोराचं सगळं आयुष्य पुढे आहे," मॅनेजर म्हणाला. "तुमचं काय, वर्ष-दोन वर्षं. तीही निघून जातील. मोठा वकील देऊ. तुम्ही चालवत होता, एवढंच सांगायचं."

"बाई जगेल ना?" काकांनी विचारले.

"ते डॉक्टर बघतील. तुम्ही तुमचं बघा."

"पण मी तर…"

"अकरा वर्षं आमचं मीठ खाल्लंस," मोठे साहेब म्हणाले. "डोक्यावरचं छप्परही आमचं आहे. संध्याकाळी बायकोला घेऊन कुठे जाणार आहेस, तेही सांग."

मला वाटले, आता ते नाही म्हणतील. मी डिकीत बॅगेखाली चेपलेली, पण सगळे टाके कानात आणून ऐकत होते. काका हळूच म्हणाले, "बरं."

मग खर्र आवाज झाला. मॅनेजरने सीट पुढे ओढली. काकांचे पाय आखूड, हे त्याच्या लक्षात होते. त्याने आरसाही खाली वळवला. भारी हुशार माणूस! पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पाय आखूड असले की सीट पुढे घ्यावी लागते हे त्याला सुचले, पण डोळेही खाली येतात हे सुचले नाही. सुचणार तरी कसे? काकांचे डोके तो अकरा वर्षे मागून योग्य उंचीवर पाहत आला होता. ती उंची माझी होती, हे त्याला कुठे ठाऊक?

टपालवाली दुपारपर्यंतच जगली. हे मला खूप नंतर कळले. त्या वेळी मी अंधारात पडून तोकड्या घंटीची वाट बघत होते.

पोलिसांनी गाडी ओढून एका आवारात नेऊन ठेवली. काकांनी गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे कोणाला घाई नव्हती. पाचव्या दिवशी गाड्या तपासणाऱ्या बाई आल्या. उंच, कानावर पेन्सिल खोचलेली, बोलणे मोजके. त्यांनी ब्रेक पाहिले, टायर पाहिले आणि मग डिकी ओढून पाहिली. उघडेना. कायद्याप्रमाणे अशा वेळी बाहेरची दोन माणसे साक्षीला बोलावतात. शेजारच्या गल्लीतून एक चष्मेवाला आणि एक शिंपी आले. दोघांसमोर पहारीने डिकी उघडली. पाच दिवसांनी मी उजेड पाहिला.

बाईंनी आधी बॅग उचलली. मग मला उचलून उलटसुलट केले, मधला खोलगट भाग दाबला, वासही घेतला. मी जरा अवघडलेच.

"हे काय आहे?" हवालदाराने विचारले. "गाडी पुसायचं असेल."

शिंपी मध्येच बोलला, "नाही हो. हाताची शिलाई आहे ही, आणि घरच्या माणसासाठी केलेली."

"हे कशावरून?" बाईंनी विचारले.

"हा कोपरा बघा. दोरा संपला म्हणून हिरवा लावलाय. विकायची वस्तू असती तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकली असती. हे घरच्यालाच चालतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टीने माझी उंची मोजली आणि मग पुढे जाऊन काकांच्या सीटची. सीटच्या काळ्या चामड्यावर माझ्याच मापाचा चौकोन फिका पडला होता. त्यांनी मला त्यावर ठेवून पाहिले. चारही कोपरे जुळले. कानावरची पेन्सिल त्यांनी खाली घेतली आणि त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. मला त्या दिवशी चौदा क्रमांक मिळाला.

काही महिन्यांनी खटला उभा राहिला. मला टेबलावर ठेवले होते, तिथून सगळे दिसत होते. एका बाजूला मोठे साहेब, त्यांचा मुलगा, मॅनेजर आणि वकिलांची रांग. दुसऱ्या बाजूला टपालवालीचा नवरा. तो घड्याळे दुरुस्त करायचा. त्याच्याजवळ एक लहानखुरी मुलगी बसली होती आणि तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी तिला लगेच ओळखले. मागच्या बाकावर काकू एकट्याच होत्या. काका पिंजऱ्यात उभे होते, वाळलेले. तीन महिने ते कोठडीत होते.

तपासणाऱ्या बाईंनी मी कुठे सापडले ते सांगितले. साहेबांचे वकील उठले. आवाज मधासारखा. "एका फडक्यासाठी एवढा वेळ? काका, सांगा बरं, हे काय आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "गाडी पुसायचं फडकं आहे."

मित्रांनो, मी अकरा वर्षांत खूप काही सोसले आहे. ऊन, घाम, एकदा तर सांडलेले गरम दूध. पण त्या एका वाक्याने मी जेवढी दबले तेवढी कधीच दबले नव्हते. मागच्या बाकावर काकूंनी तोंडाला पदर लावला.

न्यायाधीश बाई म्हाताऱ्या होत्या, जाड चष्म्याच्या. त्या म्हणाल्या, "फडकं आहे की गादी आहे, आपण खाली जाऊन बघू." गाडी कोर्टाच्या आवारात आणवली होतीच. सगळी मंडळी जिने उतरून खाली आली. मला शिपायाने दोन्ही हातांवर धरून आणले. वरातीत मिरवावे तसेच म्हणा ना.

न्यायाधीश बाईंनी काकांना सीटवर बसायला सांगितले. नुसत्या सीटवर.

"समोर काय दिसतं?"

"स्टिअरिंग."

"त्याच्या पलीकडे?"

काकांनी मान ताणली. "आभाळ, बाईसाहेब."

"गाडीसमोर काय उभं आहे?"

"काही नाही."

सगळ्यांनी पाहिले. गाडीच्या नाकासमोर कोर्टाच्या शिपायाची सायकल उभी होती.

साहेबांचे वकील टाळी वाजवायचेच बाकी होते. "झालं तर! त्या दिवशी ड्रायव्हरने गादी घेतली नाही, म्हणून त्याला दिसलं नाही, म्हणून अपघात झाला. चूक ड्रायव्हरचीच."

म्हणजे माझीच साक्ष काकांच्या गळ्याला फास होणार होती! तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मग त्या अरुंद फाटकातून ओरखडा न पडता गाडी बाहेर आली कशी?" वकील म्हणाले, "सवय." आता फक्त काकांनी मान हलवायची राहिली होती. त्यांनी मान हलवली असती तर सगळे तिथेच मिटले असते.

न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या, "आता गादी ठेवून बसा."

काकांनी मला हातात घेतले. कितीतरी दिवसांनी. सवयीने त्यांचा अंगठा चौथ्या कोपऱ्यावर गेला, हिरव्या दोऱ्यावर. तिथे तो थांबला. मग त्यांनी मला जागेवर ठेवले, हात फिरवून सरळ केले आणि ते बसले. मी त्यांना उचलले. मित्रांनो, खरे सांगते, इतका जीव लावून मी त्यांना कधी उचलले नव्हते.

"आता काय दिसतं?"

समोर सायकल होती आणि तिच्या दांड्यावर घंटी होती. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

"सायकल दिसते, बाईसाहेब," ते म्हणाले. "मी असतो तर तिचीही दिसली असती. रोज दिसायची. मी थांबलो असतो. मी नव्हतो हो गाडीत."

मग काका खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे फडकं नाही. ही माझी गादी आहे. माझ्या बायकोनं शिवली आहे. मी खोटं बोललो, मला त्याची शिक्षा द्या. पण त्या बाईला मी मारलं असं कागदावर राहू देऊ नका. तिच्या लेकीला खरं कळू दे."

मॅनेजरची तर पाचावर धारण बसली. मोठे साहेब वकिलांच्या कानाला लागले. एवढ्यात त्यांचा मुलगा पुढे आला. वडिलांनी त्याची बाही धरली, पण त्याने ती सोडवून घेतली. तो रडत होता. "मला घंटी ऐकू आली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, ती बाजूला होईल. आमच्या गाडीला सगळेच बाजूला होतात."

घड्याळवाल्याने मुलीचे डोके आपल्या पोटाशी धरले. त्या मुलाचे शेवटचे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. निकाल लागला. मुलगा सतराचा म्हणून कायद्याने जेवढी शिक्षा कमी होते, तेवढीच न्यायाधीश बाईंनी कमी केली. श्रीमंत म्हणून एक दिवसही कमी केला नाही. त्याला सुधारगृहात जावे लागले. चावी देणाऱ्या आणि खोटा ड्रायव्हर उभा करणाऱ्या वडिलांना कैद झाली, मॅनेजरलाही झाली. काकांना खोटे बोलल्याबद्दल तीन महिने मिळाले. ते त्यांनी आधीच भोगले होते. बंगल्यामागचे घर मात्र गेले. काका-काकूंनी एका खोलीत संसार मांडला, आणि काकांना टपाल खात्यात टपालाची मोठी गाडी चालवायची नोकरी लागली. त्या गाडीची सीट उंच आहे.

मोठ्या लोकांचे खटले लवकर मरत नाहीत. साहेबांनी वरच्या कोर्टात दाद मागितली, मग त्याच्याही वर. तोवर मला कुठे जाता येईना. सात वर्षे मी कोर्टाच्या एका कोठीत पडून होते, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर. आजूबाजूला मोडके कुलूप, एक बूट, एक छत्री. सगळ्यांना नंबर होते. मी धूळ खाल्ली. उंदरांनी माझ्या काथ्याची चव घेतली. कधी कधी वाटायचे, मला सगळे विसरले. मग मी मनाला बजावायची, वस्तू क्रमांक चौदा, ताठ बस. वरच्या प्रत्येक कोर्टाच्या निकालात माझा उल्लेख आला, असे कोठीचा कारकून कोणाला तरी सांगत होता. प्रत्येक कोर्टाने न्यायाधीश बाईंचेच म्हणणे कायम ठेवले.

शेवटी एके दिवशी काका मला न्यायला आले. केस पिकलेले. त्यांनी सही केली आणि मला छातीशी धरले. "फडकं म्हणालो होतो तुला," ते पुटपुटले. माझा राग केव्हाच गेला होता, पण सांगणार कशी?

काकूंनी माझे पोट उसवले, नवा कापूस भरला, उंदराने खाल्लेली जागा शिवली. चौथा कोपरा त्यांनी पुन्हा हिरव्या दोऱ्यानेच शिवला. राखाडी दोरा पेटीत भरपूर होता, तरीही.

आणि मग, अजून महिनाही झाला नाही, दारात एक मुलगी उभी राहिली. अठरा वर्षांची. उंची काकांएवढीच. हातात शिकाऊ परवाना होता, कोरा करकरीत. काका तिच्याकडे बघू शकेनात. सात वर्षे ते घड्याळवाल्याच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडत असत.

"काका," ती म्हणाली, "बाबांनी जुनी छोटी गाडी घेतली आहे. शिकवाल?"

"मी?" काका म्हणाले. "पोरी, मी तुझ्या आईबद्दल कोर्टात खोटं बोललो होतो."

"मी होते तिथे. खरंही तुम्हीच बोललात." मग ती जरा हसली. अगदी आईसारखी. "आणि आई म्हणायची, काकांचं सिंहासन मोठेपणी मला मिळणार आहे. तुम्ही हो म्हणाला होता."

काकांनी मला आणून तिच्या हातात दिले. काकू म्हणाल्या, "चार बोटं आहे गं. कमी पडलं तर सांग, वाढवून देईन."

कमी पडले नाही. बरोबर झाले.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझे तसे काही मागणे नाही. मला जपणारी माणसे आहेत, आणि मी अजून दहा वर्षे दबणार नाही. मागायचेच तर एवढे मागते. वय झाल्याशिवाय आणि परवाना हातात आल्याशिवाय चावीला हात लावू नका. वडीलधाऱ्यांनी दिली तरी लावू नका. आणि गाडी कितीही मोठी असो, समोरचा बाजूला होईल असे कधी धरून चालू नका. थांबायचे काम तुमचे आहे.

काल आम्ही त्या वळणावरून गेलो. ती माझ्यावर बसली होती, काका शेजारी होते. सकाळचे दहा वाजत आले होते. वळणाच्या अलीकडे तिने गाडी थांबवली.

"काय दिसतंय?" काकांनी विचारले.

"सगळं दिसतंय, काका."

रस्ता मोकळा होता. तरी तिने हॉर्न दिला, एकदा लांब आणि एकदा तोकडा. मग दोन्हीकडे पाहिले आणि गाडी हळूच वळवली.